न मुरलेलं पाणी

फिशटँकचं नाव काढू नका यार, डोकं फिरतं! मालाडच्या दुकानदाराने टाकी दिली, पण मासे देईना. म्हणाला, "आधी नुसतं पाणी भरून ठेवा. ते चांगलं मुरलं की मासे."

मला कुठला धीर! दर रविवारी बाटलीत टाकीतलं पाणी घेऊन त्याच्या दुकानात हजर. तो तपासायचा आणि म्हणायचा, "साहेब, हे तर नळाचं ताजं पाणी आहे."

"अरे, महिना झाला भरून!" मी भडकायचो.

शेवटी एकदा सकाळी नळाला पाणी आलं तेव्हाच मी उठलो. बघतो तर आई हंडा-कळशीबरोबर माझी टाकीही उपसून ताजं पाणी भरतेय.

"आई, वाट लावलीस!"

"वाट कसली? माशे पयल्यांदाच आपल्या घराक येतले. तेंका शिळा पाणी देतलंस?"