उलटे आजोबा

भाईंदरला उत्तनच्या बसच्या रांगेत रुचिताच्या पुढेच एका आईचं आणि क्रिस्टल नावाच्या तिच्या मुलीचं जोरदार जुंपलं होतं. रुचिताने बिनदिक्कत कान टवकारले.

“माझ्या सासऱ्याचं चित्र उलटं टांगलंस? मेलेल्या माणसाचं?”

“मम्मी, त्याची नक्कल करूनच मी रंगवायला शिकते ना! सरळ बघितलं की आजोबांचं नाक मी मनानेच काढते. उलटं केलं की नुसत्या सावल्या दिसतात, जशा हायत तशा.”

“आणि शेजारची आयरिन बघून गेली, ती काय म्हणेल?”

“बघू दे! माझ्या चित्रातलं नाक कितीदा खरवडलं मी. काल उलटं बघून पहिल्यांदा जमलं. आता डोळेच राहिलेत. रविवारी लेस्लीकाका आजोबांचं चित्र वसईला त्यांच्या घरी नेणार, मग मी कोणाचं बघून शिकू?”

“क्लास लाव.”

“असे डोळे रंगवणारा कोण हाय क्लासात?”

बस आली, रांग हलली.

“मी बाजारात गेले की टांग उलटं. घरी आले की मला सासरा सरळ दिसला पायजे.”

“आणि रविवारपर्यंत डोळे न्हाय झाले तर?”

“तू रंगव गं. लेस्लीला मी जेवायला बसवते. मटण केलं की संध्याकाळपर्यंत उठत न्हाय तो.”