डीव्हीडी प्लेअरची वायर

जबाब देणार: मयत इसमाची पत्नी (पूर्ण नाव नोंदवहीत घेतले आहे). वय ६३ वर्षे. धंदा: घरी शिवणकाम. राहणार: पाण्याच्या टाकीमागील इमारत, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

मी आज सकाळी अकरा वाजता ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहत होतो. पतींचे वय ७१. त्यांनी बेचाळीस वर्षे लिफ्ट दुरुस्तीचे काम केले. "जन्म वर-खाली करण्यात गेला, तरी मी आहे तिथंच," असे ते सर्वांना सांगत. आम्हाला एक मुलगी होती. ती अकरा वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, तापाने वारली. जवळचे नातेवाईक म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी काल संध्याकाळी तक्रार दिली आहे की, चौकातील दुरुस्तीच्या दुकानातील मेकॅनिकने माझ्या पतींना धक्के देऊन बाहेर काढले व त्यामुळे ते ट्रकखाली सापडले. ती तक्रार मला वाचून दाखवली. माझे म्हणणे वेगळे आहे.

आमच्या घरी एक डीव्हीडी प्लेअर आहे. तो सात वर्षांपूर्वी घेतला. पहिले वर्ष त्याने काही त्रास दिला नाही. दुसऱ्या वर्षी डिस्कचा ट्रे अडकू लागला. पती तळहाताने वरून एक थाप मारत, मग तो बाहेर येई. पुढे चित्राचे चौकोन चौकोन होऊ लागले, तेव्हा सदर मेकॅनिकने घरी येऊन आतली काच कापसाने पुसून दिली. प्लेअर लवकर तापतो म्हणून खाली लाकडाचे दोन ठोकळे ठेवायला त्यानेच सांगितले. त्यावर मी विणलेला रुमाल घालत असे, तो त्याने काढायला लावला व म्हणाला, "काकू, त्याला थंडी वाजत नाही." रिमोटचे एक बटण झिजले आहे. एरवी मशीनबद्दल तक्रार नाही. दोन-चार हजार वेळा तरी एकच डिस्क त्याने चालवली असेल.

ती डिस्क मुलीच्या शाळेतल्या नाटकाची आहे. तीत मुलगी म्हाताऱ्याचे काम करते. बाविसाव्या मिनिटाला तिची कापसाची मिशी सुटून पडते व तिला हसू आवरत नाही. पती दर वेळी तिथे हसत.

दोन वर्षांपासून पतींना विस्मरणाचा आजार होता. नळ बंद करायचे विसरत, जेवलो की नाही ते विसरत. प्लेअर लावायचे विसरले नाहीत. मुलगी वारली हे मात्र विसरले. गेल्या पावसाळ्यात डिस्क संपल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारले की, ही कुठे आहे, अजून आली कशी नाही. मी खरे सांगितले. ते भिंतीला टेकून खाली बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. मी पुन्हा खरे सांगितले. पुन्हा तसेच झाले. पाचव्या दिवसापासून मी सांगू लागले की, तिची परीक्षा आहे, संपली की येईल. डॉक्टरही म्हणाले, त्यांच्याशी वाद घालू नका.

सोमवारी त्यांनी डिस्क चार वेळा लावली. चौथ्या वेळी ती कधी येणार असे विचारले, तेव्हा मी मान खाली घालून शिवत राहिले. ते जवळ येऊन बसले व म्हणाले, "तुझं तिच्याशी काही बिनसलंय का? मला सांग. मी घालतो तिची समजूत."

ते आंघोळीला गेल्यावर मी प्लेअरची वायर काढली व शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली ठेवली. प्लेअर बिघडला आहे असे मी त्यांना सांगितले. चार दिवस तरी शांतता मिळावी, एवढाच हेतू होता.

मंगळवारी ते दिवसभर प्लेअर पुढे घेऊन बसले होते. थापा मारून पाहिल्या. स्क्रू काढले, परत लावले. मागे वायर नाही हे त्यांच्या लक्षात आले नाही. त्यांनी जन्मभर विजेचे काम केले होते. तेव्हा मला काय वाटले हे विचारलेले नाही, म्हणून सांगत नाही.

काल बुधवारी दुपारी अडीच वाजता मी शिवलेले गणवेश पोचवायला गेले. जाताना बाहेरून कडी घातली नाही. रोज घालते. चार वाजता परत आले तेव्हा दार उघडे होते व ठोकळ्यांवर प्लेअर नव्हता. मी जिना उतरत असताना पोलीस वर येत होते.

मेकॅनिकने काय सांगितले ते मला येथे समजले. पतींनी प्लेअर टॉवेलात गुंडाळून त्याच्या दुकानात नेला. त्याने आपली वायर जोडून पाहिले, तर मशीन सुरू झाले. तो त्यांना म्हणाला की, काका, मशीन ठणठणीत आहे, नुसती वायर नाही. मग त्याने आपल्याकडची एक वायर त्यांना दिली. थांबा, गिऱ्हाईक झाले की घरी सोडतो, असेही म्हणाला. पती थांबले नाहीत.

माझे दीर म्हणतात की, हे सगळे मेकॅनिकने रचून सांगितले आहे. पतींच्या सदऱ्याच्या खिशात मिळालेली काळी वायर आज मला दाखवली. ती आमची नाही. तिला पांढरी पट्टी लावून त्यावर दुकानाचा फोन नंबर लिहिला आहे. आमची वायर मी घरून सोबत आणली असून ती येथे हजर करते. धक्के मारून काढणारा माणूस जाणाऱ्याच्या खिशात वायर घालत नाही.

ट्रकचालकाचे म्हणणे असे की, म्हातारे गृहस्थ पळत रस्त्यात आले. माझ्या पतींचे दोन्ही गुडघे धरलेले होते. मी त्यांना चार वर्षांत पळताना पाहिले नाही. तरी ट्रकचालक खोटे बोलत असेल असे मला वाटत नाही. त्यांना घरी यायची घाई होती.

येथे बसण्यापूर्वी दीर मला व्हरांड्यात भेटले. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही काही बोलू नका. दादा गेला तो गेला. निदान कुणाच्या तरी नावावर जाऊ दे."

मी म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला सुळी नको, भाऊजी. वायर मी काढली होती."

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. ते बाहेर फाटकाजवळ उभे आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना एकच भाऊ होता.

सदर मेकॅनिक काल संध्याकाळपासून येथील बाकावर बसून आहे. त्याने काहीही केलेले नाही. त्याला घरी जाऊ द्यावे. माझी त्याच्याविरुद्ध वा ट्रकचालकाविरुद्ध तक्रार नाही. खोटे बोलल्याबद्दल माझ्यावर काही कलम लागते का, असे मी विचारले. लागत नाही असे सांगण्यात आले. मी दोनदा विचारले.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. दुसऱ्या पानावर "प्लेअर बिघडला असल्याने पती तो घेऊन बाहेर पडले" असे लिहिले गेले होते. ते खोडून "प्लेअर चांगला असताना" असे करून घेतले व खाडाखोडीशेजारी सही केली. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.