पन्नास पावलांवरची फुली

— नाही नाही, ती ठेव परत कपाटात, मला नको ती. हत्तीच्या सोंडेएवढी दुर्बीण, आणि बंदूक माझी टू-टू — टू-टूची गोळी केवढी, करंगळीच्या नखाएवढी — आणि तिच्या पाठीवर ही तोफ बसवायची? बंदुकीपेक्षा दुर्बीणच जड व्हायची. चोवीस पट मोठं दाखवते म्हणतोस, तर दाखवू दे की, मला काय चंद्रावर नेम धरायचाय? आमच्या क्लबचं निशाण पन्नास पावलांवर आहे, एकतीस वर्षं तिथंच आहे, ते काही उठून पुढं चालायला लागलं नाही. चार पट पुरे. तुझा बाप या गल्ल्यावर बसायचा तेव्हा गिऱ्हाईक काय मागतंय ते आधी ऐकायचा, मग कपाट उघडायचा. तू आधी महागाचं कपाट उघडतोस. मी स्वस्तातली मागतोय ती पैसे नाहीत म्हणून नाही — नाहीतच, ती गोष्ट वेगळी — टू-टूला धक्का नसतो म्हणून मागतोय. मोठ्या बंदुकीच्या धक्क्यानं हलक्या दुर्बिणीच्या आतलं सगळं खिळखिळं होतं, नेमाची फुली आज इथं तर उद्या तिथं. टू-टूचा धक्का कसला, तान्ह्या पोरानं लाथ मारावी एवढा. तेवढा कुठलीही सोसते. हे तुला ठाऊक आहे, पण तू सांगणार नाहीस.

बस, बसतो. तू दरवाजाकडं काय बघतोस सारखा? ती होय — ती आमची ही. बसू दे बाहेर बाकावर, पिशव्या सांभाळतेय. तिला काय करायचंय आत येऊन, बंदुकीच्या दुकानात बाईमाणसाचं काय काम. तू माझ्याकडं बघ.

तर ऐक. क्लबच्या बारा बंदुका, बाराही शिकणाऱ्यांच्या हातातल्या, म्हणजे आदळआपट आलीच — त्या जुळवून ठेवायचं काम माझं. नेम धरला तिथंच गोळी गेली पाहिजे, नाही गेली तर नळीवरची नेमाची पट्टी सरकव, पुन्हा मार, पुन्हा सरकव. त्या कामाचा पगार, आणि मागं दोन खोल्या राहायला. आता नवा सेक्रेटरी आलाय, कडक इस्त्रीचा. मी परवा त्याला जाऊन धडकलो — तो उभा होता मधोमध, मला काय स्वप्न पडतंय? तेव्हापासनं त्याच्या डोक्यात किडा. म्हणतो, काका, डोळे बरे आहेत ना. म्हटलं, तुझ्यापेक्षा. तर म्हणतो, मग शनिवारी कमिटीसमोर एका बंदुकीवर दुर्बीण चढवा, जुळवून दाखवा, नाहीतर किल्ल्या ठेवा आणि खोल्या रिकाम्या करा. दुर्बीणही मीच आणायची, वर सांगतो जास्तीचा खर्च मंजूर नाही. म्हटलं, आणतो. घाबरतो की काय.

ही दाखव. हं. ही हलकी आहे — आता ही त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेव, खाली फडकं घाल घडी करून, आणि समोरच्या न्हाव्याच्या पाटीवर फुली लाव. साधारण पन्नास पावलं भरतील. लावलीस? आता हात काढ. दुर्बिणीला शिवायचं नाही, नुसतं डोकं हलव — डावीकडं, उजवीकडं, मान खालीवर. फुली पाटीवरनं सरपटते का? सरपटते ना? बघ, शंभर पावलांसाठी घडवलेली आहे ती, पन्नासावर डोळा जरा इकडंतिकडं झाला की फुली पळते. दुसरी घे. मी कशाला बघू, दुकान तुझं आहे, तू बघ. आणि पाटी कुठली, ती निळी — लाल? निळीची लाल केली असेल त्यानं. मला काय रोज दाढी करायची असते?

ही नाही सरपटत? खरं सांग. हां. मग आता हलवू नको, खटक्यांची टोपणं काढ, मी फिरवतो. वरचा खटका दहा घरं वर — कट्, कट्, कट् — गप्प बस, मोजतोय मी — बाजूचा दहा उजवीकडं, मग दहा खाली, दहा डावीकडं. आता बघ, फुली जिथल्या तिथं परत आली का? आली. येणारच. प्रत्येक घर वाजतंय, एक मऊ नाही की एक अडलं नाही. मघाच्या त्या तोफेचा खटका फिरवलास तेव्हा सातवं घर गिळलं तिनं, मला इथनं ऐकू आलं. कान आहेत म्हटलं अजून. दुर्बीण कानानं निवडायची असते, डोळ्यानं काय, डोळ्याला सगळंच चकचकीत दिसतं.

बंदूक काढ पिशवीतनं, दुर्बीण वरच्या खाचेत नीट बसते का बघ. बंदूक रिकामी आहे, परवान्याचा कागद मघाशी दाखवलाय. दस्ता आखूड आहे? आहे. कापलाय मीच, दोन बोटं. का म्हणजे, माझा हात आखडलाय वयानं. गालाखालची गादी? ती उलट्या बाजूला आहे — ती त्या शिवणाऱ्याची चूक झाली, उजव्या डोळ्याची गादी त्यानं डाव्या डोळ्याची करून ठेवली. मी म्हटलं राहू दे, आता कोण उसवत बसतंय. तू दुर्बीण विकतोस की बंदुकीचं पोस्टमॉर्टेम करतोस? कसलंही असो, निशाण बघ की आधी. हा कागद बघ, खिशातच आहे. पाच गोळ्या, पाचही भोकं सदऱ्याच्या एका बटणाखाली झाकली जातात. आणि हे नुसत्या लोखंडी पट्टीवर, दुर्बीण नसताना. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी चटईवर आडवी झाली की — आडवा. आडवा झालो की. जीभ घसरली, पुढचे दात नाहीत. चष्मा चढवायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि चाप असा ओढते की तिचं तिलाच कळत नाही कधी —

काय बघतोस.

बघू नको असा. सेक्रेटरीसारखा बघायला लागलास तू. हो. तीच मारते, ती बाकावरची. झालं समाधान? अकरा वर्षं झाली. माझ्या डोळ्यात मधोमध धूर बसलाय, कडेकडेनं सगळं दिसतं, तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही — बरंच आहे ते. डॉक्टर म्हणाला, हे जाणार नाही. तेव्हा ही शेजारी उकिडवी बसून गोळी कुठं लागली ते मला सांगायची, वर लागली, डावीकडं लागली, आणि मी पट्टी सरकवायचो. महिनाभर चाललं ते. एक दिवस सबंध डबा संपला तरी गोळी काही मधे जाईना, तर ही पदर खोचून माझ्या शेजारी आडवी झाली आणि म्हणाली, "सरक." एवढंच. तोपर्यंत बंदुकीला हात लावला नव्हता तिनं. मी सरकलो. पहिली गोळी निशाणाच्या मधल्या काळ्यात, दुसरी तिच्या बोकांडी. डाव्या डोळ्यानं मारते, उजव्यानं तिला दूरचं नीट दिसत नाही, म्हणून ती गादी. आमच्या क्लबात शिकलेली पोरं बक्षिसं घेऊन गेली ना, त्यांच्या बंदुका हिनं जुळवल्यात. सही माझी. सही तरी कसली, अंगठाच म्हण.

फसवणूक? कुणाची फसवणूक? बंदूक खोटं बोलली कधी? एकाची तरी गोळी वाकडी गेली बंदुकीपायी? मग. काम झालं, पगार घेतला. आता शनिवारी असं ठरवलंय आम्ही — मी ठरवलंय — की तिनं आदल्या दिवशी दुर्बीण जुळवून ठेवायची, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर पक्की करायची, आणि मी कमिटीसमोर आडवं होऊन नुसता चाप ओढायचा. म्हणून तर फुली न पळणारी पाहिजे. माझा डोळा कुठंही असला तरी —

नाही चालणार? पिशवी हलली तर. हं. हलेल. तो इस्त्रीवाला मुद्दाम हलवील, म्हणेल, काका, आता पुन्हा लावा. खरं आहे.

चष्मा घालून हिच्यातनं दिसतं का रे? डोळा चार बोटं मागं ठेवला तरी पूर्ण गोल दिसतो? तुला दिसतो, तुला चष्मा कुठाय. ते तिनंच बघायला पाहिजे. बंदूक तिच्या गालाची, डोळा तिचा, आणि दुर्बीण मी निवडतोय आंधळा. अकरा वर्षं ती फाटक उघडायच्या आधी उठते आणि उघडायच्या आत रिकामी पुंगळी न् पुंगळी वेचून चुलीपुढं जाऊन बसते, आणि मी दिवसभर कमरेला किल्ल्या वाजवत फिरतो. मला कुणी उस्ताद म्हटलं की ती आतनं खोकते. नुसती खोकते.

बरं तर. शनिवारी चटई तिची. कमिटी बसू दे खुर्च्या टाकून, सेक्रेटरीला पुढं बसवतो, हवी तेवढी पिशवी हलव म्हणावं. खोल्या घेतात तर घेऊ देत, दोन पेट्या आणि एक पलंग, टांग्यात मावतं सगळं. पण आधी बटणाखालची पाच भोकं बघायची आणि मग तोंड उघडायचं. बाई म्हणून नाही म्हणाला ना तो, तर त्याला म्हणावं, तू आडवा हो, तू मारून दाखव.

अगं ए. ये आत. पिशव्या राहू दे तिथंच, कुणी नेत नाही. ये म्हटलं ना. पायरी आहे, जपून — मला काय जपा म्हणतेस, मी बघितलीय पायरी. चष्मा पूस आधी. ही बघ, हलकी आहे, घरं छान वाजतात, समोर न्हाव्याची पाटी आहे, लाल. आता बदललीय ती. मान हलवून बघ, डोळा मागं घेऊन बघ, तुला पटली तर घ्यायची, नाहीतर हा दुसरी काढील, त्याचं कपाट भरलेलं आहे.

आणि तू काय कट्ट्याला चिकटून उभा राहिलास? तिला कोपर टेकायला जागा नको? सरक.

सरक म्हटलं ना.