सहा वाजताचा खुलासा

नाही हो ताई, उठू नका, आधी पाणी घ्या — आणि तो बातमी काढून टाकण्याचा अर्ज राहू द्या पिशवीतच. चौथा ना हा? आधीचे तिन्ही आहेत माझ्याकडे, या खणात, तारखेप्रमाणे लावलेत. वर पाठवले नाहीत असं समजू नका. पाठवले. दर वेळी वरून एकच उत्तर — बातमीत प्रश्नचिन्ह आहे. ‘चिमुकलीच्या जिवाशी खेळणारा औषधवाला हाच?’ — हाच, आणि पुढं प्रश्नचिन्ह. म्हणजे आपण काही म्हटलं नाही, नुसतं विचारलं! वकिलांचं म्हणणं हो, माझं नाही. आणि समजा आम्ही उतरवली — तरी आमच्याकडून उचलून चाळीस जणांनी टाकलीय ती. तोच मथळा, तोच फोटो. तुमचे वडील दुकानात फळीवरचा खोका काढायला हात वर करून उभे आहेत, आणि मथळा वाचून बघितलं की वाटतं माणूस शरण आलाय. कुणाकुणाचे पाय धरणार तुम्ही?

मी मूळचा छापील पेपरातला बरं का. एकोणीस वर्षं खाली, छापखान्याच्या डोक्यावरच्या खोलीत. चुका तेव्हा होत नव्हत्या? भरपूर व्हायच्या. एकदा एका हेडमास्तरांना जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली मी. दुसऱ्या दिवशी ते काठी आपटत आले, चहा प्यायले, तिसऱ्या दिवशी त्याच जागी दिलगिरी छापली, संपलं. आठवड्याभरात तो अंक कुणाच्या तरी कपाटात साड्यांखाली. रद्दी ही केवढी मोठी सोय होती, ताई! आता रद्दीच होत नाही. मोबाईलवर वडिलांचं नाव शोधलं की आजही पहिली तीच बातमी. दुकानाची चाळीस वर्षं कुठं, कुणाला उधारीवर औषध दिलं ते कुठं — काही नाही. तीच.

आमचं काय झालं माहितीये? ती भिंत बघा. तो पडदा. कुठली बातमी आत्ता किती जण वाचतायत ते सगळं तिथं दिसतं, क्षणाक्षणाला. जाहिराती जायला लागल्या तेव्हा तो बसवला. पूर्वी दुकानदार स्वतः यायचे जाहिरात घेऊन, कोपरा कुठला हवा त्यावर भांडायचे. आता जाहिरात आपली आपण येऊन चिकटते, जिथं गर्दी तिथं. वडिलांच्या बातमीखाली लहान बाळाच्या तेलाची आली होती — हसरं बाळ. कुणी लावली नाही, खरंच कुणी नाही. त्या वर्षी या खोलीतले अकरा जण घरी गेले. मी राहिलो. का? मथळे जमतात मला म्हणून. सगळे ‘मथळेकाका’च म्हणतात. तो मथळा... हो, माझाच. आता लपवून काय करू?

पण चूक कळल्या कळल्या खुलासा टाकला हो! त्याच दिवशी, सहा वाजता. औषध चोख होतं, पोरीनं आजीच्या उशाशी ठेवलेल्या गोळ्या खाल्ल्या होत्या, पोरगी वाचली — सगळं लिहिलं. त्रेसष्ट जणांनी वाचलं. त्रेसष्ट! आता लोकच वाचत नाहीत तर मी काय करू? औषध चोख आहे असा बातमीदाराचा साडेबाराला फोन आला तेव्हाच म्हटलं मी त्याला, डॉक्टरांचं लेखी आण, तोंडी कसं —

हो. साडेबारा म्हटलं मी.

तसं बघू नका, ताई. साडेबाराला ती एक नंबरावर होती. महिन्यात पहिल्यांदा माझ्या विभागाची बातमी एक नंबरावर. लेखी चारला आलं. मग म्हटलं, लोक कामावरून घरी निघतात, मोबाईल उघडतात, तेवढी सहापर्यंतची वेळ जाऊ दे. दोनच तास. दुकानावर दगड पडले ते पाचला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. कुणाजवळ बोललो नाही मी हे. बायकोजवळसुद्धा नाही.

असं करतो — मीच येतो तुमच्याकडे. रविवारी. दार उघडलं नाही तरी बाहेर उभा राहीन, पण वडिलांसमोर सांगेन. चार शिव्या देऊ देत, माझी ना नाही. तुम्ही फक्त त्यांना सांगून ठेवा की —

काय?

कधी? मंगळवारी...

आणि तुम्ही फोटो टाकलात, निधनाची माहिती लिहिलीत, तर त्याखाली लोकांनी ही बातमी आणून चिकटवली? ‘हाच ना तो’ म्हणून? अहो, गेलेल्या माणसाच्या... थांबा. मंगळवारपासून म्हणता? मंगळवारपासून ती परत वर चढतेय. आज सकाळी मीच बघितलं, जुनी असून लोक वाचतायत, आणि मीच सांगितलं, घ्या वर, पहिल्या पाचांत घ्या. का वाचतायत ते... नाही विचारलं. कुणीच विचारत नाही इथं.

खुलासा? तो नाही घेतला. तो खाली आहे.

आता उतरवतो पहिल्या पाचांतून, तेवढं माझ्या हातात आहे. तेवढंच आहे. पूर्ण नाही काढता येत, खरंच नाही येत, ताई — तो अर्ज नका ठेवू टेबलावर. घेऊन जा. या तुम्ही आता. डावीकडं जिना आहे. जा म्हटलं ना.