अर्ध्या भावाचं कोरल

भिवंडी स्टँडवर वाड्याच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघे होते. त्यातला जो वयाने मोठा होता त्याच्या हातात झाकणाची रिकामी बरणी.

"भाविक, माझ्या माशांच्या टाकीतलं जिवंत कोरल तुला अर्ध्या भावात का दिलं होतं?"

"देवेशदादा, तुमचं मेलं तर माझ्यातला तुकडा फुकट परत द्यायचा, म्हणून."

"मग?"

"लोडशेडिंग काय तुमच्याच गल्लीत होतं? दिवसभर पंप बंद. माझंपण पांढरं पडून मेलं."

"बरं. तू अंबाडीच्या दिनेशला दिलेलं जिवंत हाय ना?"

"फोनवर म्हणाला, मस्त वाढलंय."

"मग तोंड का पाडलंयस? त्याच्याकडून तुकडा आणू, दोघांत वाटून घेऊ."

"दादा, गाडी आली."

"येऊ दे. त्याला कितीला दिलंस?"

"त्याने घासाघीस केलीच नाही हो."

"भाविक, अर्धा भाव की पूर्ण?"

"पूर्ण."

"म्हणजे त्याच्यावर आपला हक्कच न्हाय."

"विकत घेऊ ना."

"भाव काय म्हणाला फोनवर?"

"भाव नाही बोलला. आधी विचारलं, भिवंडीत अजून कुणाकडे जिवंत आहे का."

"आणि तू 'कुणाकडेच नाही' असं खरं सांगून बसलास!"