दहा आठवड्यांची पट्टी

(मध्य जावातल्या एका गावचं आरोग्यकेंद्र, सकाळ. वुलान सिस्टर तुगिनेमच्या पायाची पट्टी बदलतेय. तुगिनेमचा धाकटा दीर पार्जो दाराशी उभा आहे.)

वुलान : पुन्हा विचारते आजी, पाय ओला करत नाही ना?

तुगिनेम : किती वेळा सांगू? दहा आठवडे पिशवी बांधून आंघोळ करतेय. सोयाबीनचं टेम्पे तळताना उडालेलं तेल, नखाएवढा चटका! तुमच्या मलमातच दम नाही.

वुलान : मलम दोनदा बदललं. साखर तपासली, ठीक आहे. जंतूही निघाले नाहीत.

पार्जो : वय झालं, सिस्टर. सदुसष्ट म्हणजे...

वुलान : काका, ऐंशीच्या आजींची जखम माझ्यासमोर तीन आठवड्यांत भरलीय. आणि बीपी बघा यांचं, एकशे अठ्ठ्याहत्तर. आजी, गोळी घेता?

तुगिनेम : आठवली की.

वुलान : झोप?

तुगिनेम : ती कुठं मिळते?

पार्जो : मी हेच म्हणतो, वहिनी. फार विचार करू नका. मन शांत ठेवा.

तुगिनेम : शांत ठेवा! भावजी, सात वर्षं झाली तुमचे दादा सगळं विसरायला लागून. परवा मला चोर समजले. केस धरून घराबाहेर काढलं. अर्धा तास उन्हात उभी होते. मग स्वतःच रडत आले, म्हणाले, "बाई, माझी बायको दिसली का कुठं?" आता सांगा, मन कुठं ठेवू? कपाटात?

पार्जो : हे मला कधी बोलला नाहीत...

तुगिनेम : बोलायला तुम्ही येता कधी? ईदला दोन तास. केतुपातचा भात खाता, म्हणता दादा किती छान दिसतोय. दिसणारच! दाढी मी करते, कपडे मी बदलते. रात्रभर एक कान दाराकडे असतो. आजही शेजारीण त्यांच्यापाशी बसलीय, तिनं फोन केला म्हणून आलात.

वुलान : आजी, ऐका. सात वर्षं तुमचं शरीर पहाऱ्यावर उभं आहे. पहारा करणाऱ्याला घराची डागडुजी कधी जमणार? म्हणून बीपी चढतं, म्हणून जखमही रेंगाळते. तेवढंच कारण नसेल, पण ते आहेच.

तुगिनेम : मग चिठ्ठीवर झोप लिहून द्या. कुठल्या दुकानात मिळते तेही लिहा.

वुलान : काका, तुम्ही राहता कुठं?

पार्जो : नदीपलीकडं. मोटरसायकलनं पंधरा मिनिटं.

तुगिनेम : पंधरा मिनिटं! ऐकलंत?

पार्जो : भीती वाटते हो, वहिनी. त्यानं मला बोट धरून शाळेत नेलं होतं. गेल्या ईदला म्हणाला, "आपण कोण?" घरी जाऊन मला घास गिळवेना. तेव्हापासून टाळतो. खरं तेच सांगतो.

तुगिनेम : मला रोज विचारतात. मी गिळते.

पार्जो : ...दर आठवड्याला तीन दिवस दादाला माझ्याकडं ठेवू.

तुगिनेम : ओरडतील. घरी चला म्हणतील.

पार्जो : म्हणू दे.

तुगिनेम : तुम्हाला ओळखणार नाहीत.

पार्जो : तुम्हाला तरी ओळखतो का?

तुगिनेम : नाही. पण माझ्या हातचं खातात.

पार्जो : मग उद्या सकाळी येतो. कसं भरवता ते शेजारी बसून बघतो.