प्राचीच्या वाणाचा डबा

बस गं प्राची, चहाशिवाय मोरिवलीतून कोण सोडतं का कोणाला? — उद्याच्या प्रचारफेरीत ही वेणूताई पुढे पाहिजे, हेच ना? कारण बायका तुला दारं उघडत नाहीत. का उघडत नाहीत, विचारलंस का कोणाला? परवा पक्षात आलीस, आल्या आल्या तिकीट — माझा राग नाही हां. खोटं कशाला बोलू, आहे राग! वॉर्ड महिला राखीव झाला तेव्हा माझ्या बायकांनी पेढे वाटले होते. साहेब म्हणाले, ‘ताई, सर्व्हेत तुमचं नाव येत नाही.’ येणार कसं? सर्व्हेवाला फोन करतो, आणि माझ्या बायका अनोळखी नंबर उचलतच नाहीत! साहेबांनी दोनदा पक्ष बदलला, दोनदा मी उपरणं बदललं, घरोघर जाऊन समजावलं — बाई, झेंडा वेगळा, नळाचं काम तेच.

ते जाऊ दे. तुझं हळदीकुंकू — हॉल झकास, डबाही चांगला जाड, आणि पत्रिकेवर काय? ‘फक्त सुवासिनींसाठी’! अगं, कोणाच्या डोक्यातून निघालं हे? आमचे हे, हरिचंद्र, कंपनीत कामावर असतानाच वारले, त्याच्या पुढच्या वर्षापासून पक्षाचं हळदीकुंकू मी भरवते. आधी स्वतःच्याच कपाळाला कुंकवाचं बोट लावलं, मग समोरच्या कौसाबाईला लावलं, तीही माझ्यासारखीच. इथे गल्लीगल्लीत नवरा गेलेल्या बाया आहेत गं, त्या नटूनथटून येतात माझ्याकडे! पक्षबिक्ष कोण विचारतं? वर्षातून एकदा आपल्याला कुंकू लावतात ते आपले, एवढंच त्यांना ठाऊक. — मी? मी कशाला येतेय, बोलावलं कुठे होतंस... आले होते. नवी साडी नेसून. गेटवरच्या पोरीने नवऱ्याचं विचारलं नि म्हणाली, ‘मावशी, तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा हां.’ तशीच मागे फिरले. हे सांगायचं नव्हतं मला, जाऊ दे.

माफी मागतेस, बरं वाटलं. डबा पण आणलास. समोरच्या टॉवरमध्ये वाण वाटूनच आलीस ना — मग करंडा असेल पिशवीत. काढ. येते मी उद्या, सगळ्यांच्या पुढे चालते, उपरणं घालून. फक्त आता मला कुंकू लाव. थांब, दार सताड उघडते, कौसाबाई ओट्यावर बसलीय, बघू दे तिला. — हं, लाव. — लाव की गं. — प्राची? हात का थांबला? — तुझ्या सासूबाईंना कळेल म्हणून? की तुलाच...

राहू दे. झाक तो करंडा. डबा पण उचल. — कौसाबाई, पाय घे गं जरा, हिला जायचंय.